नागासाकीला नेलेली मेणबत्ती

योकोहामाच्या धक्क्यावर सामान तपासणाऱ्या यंत्रातून माझी पिशवी बाहेर आली आणि बाजूला काढली गेली. हातमोजे घातलेल्या मुलीनं आधी वाकून अभिवादन केलं, मग मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीतभर पांढरी मेणबत्ती पिशवीतून काढली आणि दोन्ही हातांवर आडवी धरून ट्रेमध्ये ठेवली. जहाजावर मेणबत्ती नेता येत नाही. आगीचा धोका. भर समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते, त्यामुळे नियम मला पटलाही. पण मेणबत्ती माझी नव्हती. मुलीनं पावती लिहून दिली. दहाव्या दिवशी सफर संपली की वस्तू परत मिळेल. मला ती सहाव्या दिवशी हवी होती, नागासाकीला.

वसईला आमच्या शेजारी एक मावशी राहतात. आईची आणि त्यांची चाळीस वर्षांची मैत्री. आम्ही दोघी जपानला चाललोय म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "नागासाकीला थांबणार बोट?" हो म्हटलं तशा त्या आत गेल्या आणि ही मेणबत्ती घेऊन आल्या. "आमच्या गोन्सालोपाशी ठेव. फुलं तिथलीच घे, इथली नेऊ देत नाहीत."

वसईत वाढलेल्या कुणालाही संत गोन्सालो गार्सिया हे नाव नवं नाही. गासचं चर्च त्याच्या नावाचं, कॉलेज त्याच्या नावाचं. पण येता-जाता पाटीवर वाचलेलं नाव, त्या नावाचा माणूस कोण होता हे मी चाळिशी उलटेपर्यंत नीट जाणून घेतलं नव्हतं. १५५७ च्या सुमारास वसईत जन्मलेला, पोर्तुगीज बापाचा आणि इथल्याच आईचा मुलगा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर ज्या २६ जणांना क्रूसावर चढवलं, त्यांतला एक. भारतात जन्मलेला पहिला संत.

क्रूझ मात्र आम्ही त्याच्यासाठी घेतली नव्हती. ती घेतली आईच्या गुडघ्यांसाठी. आई शहात्तर वर्षांची आहे. रोज नवं हॉटेल, रोज बॅगा, स्टेशनांचे जिने हे तिला जमणारं नव्हतं. जहाजात खोली एकच, सामान एकदाच लावायचं, आणि रात्री झोपलं की सकाळी दुसरं गाव दारात. शिवाय आईला बोटीची जुनी ओढ. तिचं माहेर मालवणचं. लहानपणी ती मुंबईला यायची ती कोकण किनाऱ्याच्या आगबोटीनं. बोट मालवणच्या किनाऱ्याला लागत नसे. पडावात बसून खोल पाण्यात जायचं, हेलकावणाऱ्या शिडीला धरून वर चढायचं, डेकवर वळकटी पसरायची आणि दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्याला उतरायचं. कुणी ओकतंय, कुणी भजन म्हणतंय, कुणाच्या टोपलीतून आंब्यांचा वास येतोय. ही वर्णनं मी इतक्यांदा ऐकली आहेत की मीच त्या बोटीत होते असं वाटावं. त्या बोटी बंद पडल्या आणि आईचा समुद्रप्रवास संपला तो संपलाच. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे हातात आले तेव्हा मी ठरवलं, आईला एकदा बोटीत बसवायचं.

मनात शंका होती, ती लिहून टाकते. प्रत्येक बंदरात आठ-नऊ तास, मग परत जहाजावर. एवढ्यात कुठला देश कळणार? उंबरठ्यावरून घर पाहून आल्यासारखं होणार.

योकोहामाचा ओसानबाशी धक्का पाहताना ही शंका थोडी बाजूला सरकली. २००२ साली उघडलेल्या या इमारतीचं छप्पर म्हणजेच लाकडी फळ्यांचं मोठं मैदान आहे. पायऱ्या नाहीत, सगळे लाटांसारखे उतार-चढाव. स्थानिक लोक त्याला देवमाशाची पाठ म्हणतात. आई काठी टेकत त्या पाठीवरून चालत टोकापर्यंत गेली आणि कठड्याला टेकून म्हणाली, "हे कुणीतरी म्हाताऱ्या माणसांचा विचार करून बांधलंय." शेजारी एक शाळकरी मुलगी गवतावर डबा खात बसली होती. परदेशी जहाजांच्या धक्क्यावर गावातली माणसं संध्याकाळी फिरायला येतात, हे मला फार आवडलं.

जपानी भाषेत बंदराला 'मिनातो' म्हणतात. त्या शब्दाची फोड अशी: 'मि' म्हणजे पाणी, 'ना' म्हणजे चा-ची-चं, 'तो' म्हणजे दार. पाण्याचं दार. वसईच्या किल्ल्याला एक दरवाजा जमिनीच्या बाजूनं आहे आणि एक समुद्राच्या बाजूनं, त्याला आम्ही दर्यादरवाजा म्हणतो. मिनातोची फोड कळली तेव्हा तो दरवाजाच डोळ्यांपुढे आला. आणि जपानच्या बाबतीत हा शब्द अगदी खरा आहे. १६३९ साली पोर्तुगीजांना हाकलल्यावर दोनशेहून जास्त वर्षं युरोपच्या माणसांना या देशाचं एकच दार किलकिलं होतं, नागासाकीचं, आणि तेही फक्त डचांना. १८५३ मध्ये अमेरिकेच्या कमोडोर पेरीची काळी जहाजं आली, पुढच्या वर्षी तह झाला, आणि १८५९ मध्ये योकोहामा उघडलं. त्याआधी ते एक मासेमारीचं खेडं होतं. इतकी वर्षं हा देश जगाला भेटला तो उंबरठ्यावरच. मग उंबरठा नीट पाहणं म्हणजे कमी पाहणं, असं मी का धरून चालले होते?

जहाज सुटायला वेळ होता म्हणून यामाशिता बागेत गेलो. तिथे समुद्रासमोर घुमटाचं एक छोटं पाणपोईसारखं बांधकाम आहे. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात योकोहामा भुईसपाट झालं. इथले भारतीय व्यापारी रेशमाच्या धंद्यात होते. त्यांनाही फटका बसला, पण शहरानं त्यांना परत बोलावून पुन्हा उभं राहायला हात दिला. त्या उपकाराची आठवण आणि मेलेल्या देशबांधवांचं स्मारक म्हणून भारतीयांनी हे बांधून दिलं. आईनं नळाच्या जागेला हात लावला. पाणपोई बांधून ऋण फेडणं तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

जहाजाबद्दल फार लिहीत नाही. दुकानं, झुंबरं, रात्रीचे नाच-गाण्याचे कार्यक्रम कुठल्याही मोठ्या जहाजावर असतात. मला सांगायच्यात त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, सकाळचा व्यायाम. जपानमध्ये १९२८ पासून रेडिओवर पियानोच्या तालावर काही मिनिटांचा व्यायाम लागतो, 'राजिओ ताइसो'. शाळेत, कारखान्यात, बागेत तो सगळ्यांना पाठ. जहाजावर निम्म्याहून जास्त प्रवासी निवृत्त जपानी जोडपी. पियानो सुरू झाला की शंभरेक माणसं डेकवर एका लयीत हात वर करत. दुसऱ्या दिवशी आई खुर्चीत बसून हात हलवू लागली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खुर्चीतल्या आजींनी तिच्या मनगटाला धरून एक हालचाल नीट करून दाखवली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. चौथ्या दिवशी त्या आजींनी आईसाठी दोन संत्री आणली, रुमालात बांधून.

दुसरी, न्हाणी. जहाजावर जपानी पद्धतीचं स्नानगृह होतं. आईला आधी संकोच, सगळ्यांसमोर अंघोळ कशी करायची. पण आत गेल्यावर भिंतीलगत मांडलेली बुटकी स्टुलं आणि छोट्या बादल्या पाहून ती सैलावली. "अगं, ही तर आपली न्हाणी!" पाटावर बसायचं, अंगावर तांब्या-तांब्यानं पाणी घ्यायचं, घासून स्वच्छ व्हायचं. गरम पाण्याच्या कुंडात उतरायचं ते त्यानंतर, कारण ते पाणी सगळ्यांचं. काचेपलीकडे समुद्र सरकत होता. आईचे गुडघे पाण्यात सैल पडलेले मी फार दिवसांनी पाहिले. ऐषारामाची सफर म्हणतात ती मला तिथे भेटली.

आणि तिसरी गोष्ट, जी मी ठरवूनही टाळू शकत नाही: जेवणघरात आमच्या टेबलाला वाढणारा मुलगा. त्याच्या छातीवरचं आडनाव वाचून आईनं सरळ मालवणीत विचारलं, "तू खंयचो रे?" तो दचकला, मग इतका हसला की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. मडगावजवळचा. बाप तारवटी, आजा तारवटी. बोटीवर नोकरी करणाऱ्याला गोव्यात तारवटी म्हणतात. जगातल्या कुठल्याही मोठ्या प्रवासी जहाजावर जा, गोव्याचं माणूस भेटतंच. त्या रात्रीपासून आईच्या ताटात भाताबरोबर कुठून तरी हिरवी मिरची येऊ लागली.

शिमिझूला पहाटे पडदा सरकवला तर समोर फुजी. ३७७६ मीटर, माथ्यावर नोव्हेंबरचं ताजं बर्फ, आणि समुद्रापलीकडे जवळजवळ सगळा डोंगर एकाच वेळी दिसतो. फुजीची चित्रं आपण इतकी पाहिलेली असतात की खरा डोंगर पाहताना काय वाटेल याची मला धास्ती होती. तो खूप शांत होता. एवढंच लिहिता येतंय.

पण शिमिझूची माझी आठवण मासळी बाजाराची आहे. एका दुकानात टोपलीभर गुलाबी, बोटाच्या पेराएवढी, कागदासारखी हलकी सुकवलेली कोळंबी. 'साकुरा एबी'. जपानमध्ये ती फक्त याच सुरुगा आखातात पकडतात. आखाताची खोली जवळजवळ अडीच हजार मीटर आहे. ही कोळंबी दिवसा खोल राहते आणि रात्री वर येते, म्हणून होड्या रात्री जोडीजोडीनं निघतात. वर्षातून दोनच हंगाम, वसंतात आणि शरदात. पकडलेली कोळंबी फुजी नदीच्या कोरड्या पात्रात पसरून वाळवतात, तेव्हा पात्र गुलाबी दिसतं. आईनं चिमूटभर हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "जवळा." दुकानदारीणबाईंना तो शब्द कळणं शक्य नव्हतं, पण आईच्या हातातली चिमूट आणि डोळे पाहून त्यांनी आतून तळलेली वडी आणून दिली: पिठात घोळवलेली, कुरकुरीत. आमच्याकडे जवळ्याची भजी करतात ती हीच. फक्त तिखट नाही. असं पिठात घोळवून तळलेलं ते टेंपुरा, आणि हा शब्दच मुळी पोर्तुगिजांकडून जपानला आला असं मानतात. वसईच्या किनाऱ्यावर सुकत घातलेली मासळी पाहत मोठं झालेल्या माणसाला त्या टोपलीपुढे परकं वाटणं शक्य नव्हतं.

कोबेला पाऊस होता. बंदरालगतच्या बागेत १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात मोडलेल्या धक्क्याचा एक तुकडा तसाच ठेवला आहे. वाकलेले दिवे, पाण्यात कललेला काँक्रीट. सहा हजारांहून जास्त माणसं गेली त्या पहाटे. नव्या चकचकीत बंदराच्या मधोमध मोडलेली जागा जपून ठेवायला धैर्य लागतं. आणि कोबेचं मुंबईशी जुनं नातं आहे. १८९३ साली निप्पॉन युसेन कैशा या कंपनीनं कोबे ते मुंबई अशी आगबोट सेवा सुरू केली, जमशेटजी टाटांच्या साथीनं. जपानी गिरण्यांना आपला कापूस हवा होता आणि युरोपीय कंपन्यांचं भाडं परवडत नव्हतं. जपानची दूरदेशी जाणारी पहिली नियमित जहाजसेवा मुंबईची, हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आपण उशीरच केला."

मेणबत्तीचं काय करायचं हा प्रश्न तसाच होता. कोबे सोडल्यावर जहाज उघड्या समुद्रात आलं. इथे कुरोशिओ वाहतो, 'काळा प्रवाह', उष्ण आणि खरोखरच काळपट निळा. जहाज जरा हेलकावत होतं आणि जेवणघर अर्धं रिकामं होतं. त्या रात्री मी गोव्याच्या मुलाला सगळं सांगितलं. गोन्सालो गार्सिया म्हटल्यावर त्यानं हातातली ताटं खाली ठेवली. "वसयचो सांत?" मग म्हणाला, "हांव पळयतां." मी बघतो.

कागोशिमा. जहाज आखातात शिरतं तेव्हा एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला साकुराजिमा, धुमसणारा ज्वालामुखी. १९१४ च्या उद्रेकात इतका लाव्हा वाहिला की ते बेट पलीकडच्या भूभागाला जोडलं गेलं. आजही राख पडते. हवामानाच्या बातम्यांत वारा आज राख कुठे नेणार ते सांगतात, आणि अंगणातली राख भरून ठेवायला नगरपालिका पिवळ्या पिशव्या देते. फेरीबोट पंधरा मिनिटांत बेटावर पोचवते. तिथे लाव्ह्याच्या काळ्या दगडांमधून पाय बुडवायचा गरम पाण्याचा शंभर मीटर लांब पाट काढला आहे, ज्याला वाटेल त्यानं येऊन बसावं. आई साडीचे काठ वर धरून तासभर त्यात पाय सोडून बसली. डोंगर वरून धूर सोडत होता. मी म्हटलं, निघू या. ती म्हणाली, "तू जाऊन ये तुझं ते बघून. माझे पाय आत्ताशी माझे झालेत."

'माझं ते' म्हणजे झेवियरची बाग. परत शहरात येऊन मी एकटी गेले. १५ ऑगस्ट १५४९ रोजी फ्रान्सिस झेवियर जपानच्या भूमीवर उतरला तो कागोशिमाला. एप्रिलमध्ये तो गोव्याहून निघाला होता. त्याला इथवर आणणारा माणूस होता अंजिरो, याच गावचा. हातून खून घडल्यावर पोर्तुगीज जहाजातून पळालेला, मलाक्काला झेवियरला भेटलेला, आणि १५४८ मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेतलेला. जपानी माणूस गोव्यात पोर्तुगीज शिकला आणि आपल्याच गावी दुभाषी होऊन परतला. बागेत झेवियरबरोबर त्याचाही पुतळा आहे, याचा मला आनंद झाला. दुभाष्याचे पुतळे सहसा कुणी उभारत नाही.

अंजिरोची एक गोष्ट मला कायम अस्वस्थ करत आली आहे. देव या अर्थी त्यानं 'दाइनिची' हा शब्द वापरला. दाइनिची म्हणजे महावैरोचन बुद्ध, भारतातून चीनमार्गे जपानला पोचलेलं नाव. झेवियर कितीतरी दिवस रस्त्यात उभा राहून दाइनिचीची पूजा करा असं सांगत होता आणि बौद्ध भिक्षूंना वाटत होतं हा आपलाच कुणी पंथ. चूक कळल्यावर त्यानं लॅटिनमधला 'देउस' तसाच वापरायला सुरुवात केली. अंजिरोला दोष देताना लोक विसरतात की त्याच्याकडे कोश नव्हता, गुरू नव्हता. दोन किनाऱ्यांच्या मध्ये त्याला जो शब्द सापडला तो त्यानं दिला.

संध्याकाळी जहाज सुटताना धक्क्यावर शाळकरी मुलांचं वाद्यपथक आलं. जपानी बंदरांत ही रीत आहे, आलेल्या जहाजाला गाव निरोप देतं. दोर सुटले, पाण्याची पट्टी रुंदावत गेली आणि खालून शंभर गळे ओरडू लागले, "इत्तेराश्शाई!" अर्थ विचारला तर शेजारच्या आजोबांनी हातानं खूण केली: जा, आणि परत या. घरातून निघणारा म्हणतो 'जाऊन येतो', घरातला म्हणतो 'जाऊन ये'. रोजच्या रोज, शाळेला निघालेल्या मुलालासुद्धा. आईनं कठड्यावरून ओरडून उत्तर दिलं, "येते हं!" ती मुलं दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली.

नागासाकीचं बंदर म्हणजे डोंगरांमध्ये घुसलेली अरुंद, लांब खाडी. मेगामी पुलाखालून जहाज आत येतं, मग डावीकडे जहाजं बांधायचा मोठा कारखाना, आणि १९०९ सालची प्रचंड क्रेन अजून उभी. डोंगरउतारांवर घरं खचाखच. उतरताना जिन्याजवळ सुरक्षा अधिकारी माझ्या मेणबत्तीचं पाकीट घेऊन उभा होता. मी सही केली. अट एकच, ही वस्तू परत जहाजावर येणार नाही. गोव्याचा मुलगा कुठे दिसला नाही. तो सकाळच्या न्याहारीच्या गर्दीत असणार.

टॅक्सीचं दार आपोआप उघडलं. स्टेशनजवळ शेवंतीची पांढरी फुलं घेतली आणि निशिझाका टेकडीवर गेलो.

गोन्सालोची गोष्ट इथे सांगायला हवी. तो तरुणपणी जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला आला आणि इथली भाषा अशी शिकला की लोक त्याला आपलं समजत. पुढे व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात बंधू झाला. १५९३ मध्ये त्या संघाचे पाद्री पेद्रो बाउतिस्ता दूत म्हणून जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या दरबारात आले तेव्हा त्यांच्या शेजारी दुभाषी म्हणून उभा होता तो वसईचा गोन्सालो. १५९६ मध्ये 'सान फेलिपे' नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं, माल जप्त झाला, संशय वाढला, आणि हिदेयोशीनं मिशनऱ्यांना देहान्ताची शिक्षा फर्मावली. क्योतो आणि ओसाकात २४ जणांना पकडलं आणि क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला. ऐन थंडीत त्यांना सुमारे ८०० किलोमीटर चालवत नागासाकीला आणलं, कारण ख्रिस्ती माणसं सर्वांत जास्त तिथे होती आणि त्यांनी हे पाहावं असा हेतू होता. वाटेत या कैद्यांची सेवा करणाऱ्या दोघांनाही धरलं. झाले २६. त्यांतले वीस जपानी, सगळ्यात लहान बारा वर्षांचा.

१९६२ मध्ये उभारलेलं स्मारक शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांचं आहे. लांब दगडी भिंत, आणि तिच्यावर ओळीनं २६ कांस्य आकृत्या, माणसाएवढ्या. क्रूस नाहीत, जखमा नाहीत, रक्त नाही. बहुतेकांचे हात जोडलेले. आई काही वेळ बघत राहिली आणि तिनंही हात जोडले. मला म्हणाली, "सगळे नमस्कार करताहेत, पाहिलंस?" वाऱ्यानं तिचा पदर उडत होता, तरी ती तशीच उभी, मान खाली घालून.

आपला कोणता हे मला ओळखता येईना. मागच्या संग्रहालयात जाऊन काउंटरवरच्या बाईंना विचारलं. भारत म्हटलं, वसई म्हटलं, काही कळलं नाही. नाव सांगितल्यावर चेहरा उजळला. "गोन्झारो गारुशिया!" त्या जागेवरून उठून माझ्याबरोबर बाहेर आल्या आणि रांगेच्या मध्याजवळची एक आकृती दाखवली. मग तिच्यापुढे आणि माझ्यापुढे, दोघांपुढे त्या वाकल्या.

शेवंती ठेवली. तिथे आधीच कुणाची तरी फुलं होती. मेणबत्ती लावली नाही. वारा होता, आणि लावायची असं मावशींनी सांगितलंही नव्हतं. ठेव म्हणाल्या होत्या, ठेवली. गासच्या एखाद्या दुकानातून घेतलेली, कागदावर मराठी अक्षरं उमटलेली. मी कागद काढणार होते. आईनं थांबवलं. "राहू दे. त्याला वाचता येईल."

तिथे उभी असताना मला वाटलं, आमच्या दोन्ही किनाऱ्यांवर एकाच पाण्यातून शब्द वाहत आले. आम्ही क्रूस म्हणतो, हे कुरुसु म्हणायचे. आमचा पाद्री, यांचा बातेरेन. आमचा पाव, यांचा पान. आमची तंबाखू, यांची ताबाको. गोव्याहून निघून मलाक्का, मकाव करत जहाजं ज्या दारात यायची ते हे दार. मी इथे पहिल्यांदाच येत नव्हते, माझी भाषा आधीच येऊन गेली होती.

दुपारी ओउरा चर्चला गेलो. ते या २६ जणांनाच वाहिलेलं आहे. दारापर्यंत पायऱ्या, म्हणून आई खाली कास्तेरा खात बसली. पोर्तुगिजांकडून आलेला हा केक, लोणी नाही, अंडी आणि साखर, तळाशी कुरकुरीत साखरेचा थर. मी वर गेले. १७ मार्च १८६५ रोजी, फ्रेंच पाद्र्यांनी हे चर्च नुकतंच बांधलं होतं तेव्हा, उराकामी गावचे काही शेतकरी आले आणि एका बाईनं हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे. मग विचारलं, सांता मारिया कुठे आहे? ख्रिस्ती धर्मावरच्या बंदीची अडीचशे वर्षं, पाद्री नाही, पुस्तक नाही, तरी घराघरांत प्रार्थना पुटपुटत जपलेली. त्यानंतरही छळ झाला. बंदी उठली ती १८७३ मध्ये. आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब फुटला तो याच उराकामीवर. त्या चर्चमधल्या बाकावर मी बराच वेळ बसले. यावर मला काही म्हणायचं नाही, म्हणता येत नाही.

देजिमा धावतच पाहिलं. पंख्याच्या आकाराचं ते कृत्रिम बेट आता शहरात सामावून गेलेलं आहे, समुद्र दूर गेला आहे. डच व्यापारी दोनशेहून जास्त वर्षं या एवढ्याशा जागेत राहिले, पूल ओलांडायला परवानगी लागायची. बंद दाराच्या फटीतून किती येऊ शकतं, वैद्यक, आकाशशास्त्र, पुस्तकं, ते तिथल्या खोल्यांत मांडलं आहे. त्याला वेगळा दिवस हवा होता.

दुसऱ्या दिवशी बुसान. कोरियाला थांबण्याचं कारण कायद्यात आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला जपानच्या एका बंदरातून निघून फक्त जपानी बंदरं करत परत येता येत नाही. आई उतरली नाही. दोन दिवस समुद्र, आणि मग पुन्हा देवमाशाची पाठ. उतरताना गोव्याच्या मुलानं आईला वाकून नमस्कार केला. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. आजींनी रुमाल परत घेतला नाही.

वसईला पोचल्यावर त्याच संध्याकाळी मावशी आल्या. मी फोनवर फोटो काढून दिला. त्यांनी चष्मा लावला, रांगेतून बोट फिरवत नेलं, मी दाखवलं तिथे थांबल्या. बराच वेळ गप्प. मग विचारलं, "एवढं चालवलं म्हणे. दमलेला दिसतो का गं?"

मला सांगता येईना. मी हात पाहिले होते, चेहरा पाहिला होता.

"पाय बघ त्याचे," आई म्हणाली. "सगळ्यांचे बघ. एकाचाही जमिनीला टेकलेला नाही."

मावशींनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि खाली, पायांपाशी नेला.